न बघितलेल्या खोलीचा विमा

माझी मान कुठंबी गेलं की आधी वर जाती. लग्नाचा हॉल असू द्या, दवाखाना असू द्या, सासुरवाडी असू द्या. लोक हात जोडत्यात, मी छत बघतो. केडगावात एका घरी मयतीला गेल्तो. सगळी मान खाली घालून बसलेली आन मी एकटा वर बघतोय. शेजारचा कानात म्हनला, "काय बघता, पोचले का वर?" मी म्हनलं, "न्हाई, कोपऱ्यात ओल दिसती." त्या घरच्यांनी मला दहाव्याला बोलावलं न्हाई.

पहिल्यापासनं मी असा न्हवतो. पहिला मी खाली बघनारा मानूस. फरशी बसवायचो. शाळेत मास्तरनी एकदा वर्गाच्या बाहेर उभं केलं, मी तसाच चालत घरी गेलो, ते परत गेलोच न्हाई. मग तिसगाव सोडलं, नगरला आलो, गुडघ्यावर बसून लोकांच्या घरातनं रांगत हिंडलो. गुडघं गेलं तवा कळलं, आता उभं राहून करायचं काम बघावं.

ते काम आपोआप आलं. एक बाई नवा फ्लॅट घेत हुती, म्हनली, "मिस्तरी, फरशी तेवढी बघायला चला." मी दांडकं घेऊन ठोकत गेलो. निम्म्या फरश्या पोकळ वाजल्या. बिल्डरनं तोंड वाकडं केलं, पन बदलून दिल्या. झालं. घर घ्यायचं तर त्या दांडकंवाल्याला न्या, असं लोकांत पसरलं. मग मी पिशवीत भिंत सरळ हाय का बघायला ओळंबा ठेवला, पान्याची लेव्हल नळी ठेवली, आन उतार बघायला काचंची एक गोटी. गोटी फरशीवर सोडायची आन ती कुठं पळती ते बघायचं. लिहायचा तर आपल्याला कंटाळा, म्हनून रिपोर्ट मोबाईलमधी बोलून पाठवायचो. "हॉल चांगला. मोरीचा उतार उलटा. संडासचं दार फुगलंय. बाकी ठनठनीत." लोकांना ते लई आवडायचं. बायकोला न्हाई. ती म्हनायची, "जगाच्या घरात दांडकं वाजवत फिरताय, आन आपल्या मोरीचं पानी शेजारनीच्या दारात जातंय. तिला बी एक रिपोर्ट पाठवा."

बायकोचा भाऊ विम्याचं काम करतो. एका रविवारी मटन खाता खाता त्यानं विषय काढला.

"दाजी, तुम्ही आता धंदेवाले झालात. विमा काढा."

"हाय की माझा. मेल्यावरचा."

"तो नाही हो. चुकीचा. तुम्ही घर चांगलं म्हणालात आणि ते वाईट निघालं, तर माणूस तुमच्यावर दावा लावणार. तो दावा, वकील, भरपाई, सगळं कंपनी बघते."

"म्हंजी मी चुकायचं आन कंपनीनं निस्तरायचं?"

"तसंच समजा. आणि काम करताना तुमच्या हातून कुणाला लागलं, काही फुटलं, तर तेही त्यात आहे."

"आन मला लागलं तर?"

"तुम्हाला नाही. दुसऱ्याला लागलं तर. तुमचा स्वतःचा वेगळा घ्यावा लागतो."

"ऱ्हाऊ दे मग त्यो. मला कशाला लागतंय."

आतनं भाकरी आनता आनता बायको भावाला म्हनली, "चुकीचा विमा असतो व्हय रे? मग माझ्या लग्नात का न्हाई काढून दिला?"

विमा काढला आन माझी चाल बदलली. जमिनीचा दलाल गिऱ्हाइकाला सांगायचा, "आपला मिस्तरी विमावाला हाय." मला वाटायचं गळ्यात ताईतच बांधला. आधी मी एका खोलीत दोनदा ठोकायचो. विम्यानंतर एकदाच ठोकायला लागलो. दुसऱ्यांदा कंपनी ठोकंल.

अशात भिंगारचे एक साहेब आले. लष्कराच्या हापिसात कारकून हुते, नुकतेच रिटायर झालेले. हयात सगळी क्वार्टरमधी गेलेली, हे पहिलंच स्वतःचं घर. केडगावातलं जुनं रो हाऊस बघितल्तं. बघायच्या दिवशी त्यांच्यासंगं त्यांची आई बी आली. पांढरंफेक डोकं, हातात काठी, आन आवाज असा की समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. साहेब मला म्हनले, "आईला एकच पाहिजे. खिडकीची खोली. क्वार्टरमध्ये ती कायम स्वयंपाकघरात झोपली."

मी पुढची खोली ठोकली, वरची ठोकली, मोरीत बादली ओतली, गोटी पळवली. मागच्या खोलीच्या दारात गेलो तर आजीनं काठी आडवी लावली.

"कुठं निघाला दांडकं घेऊन?"

"आजी, खोली बघायची."

"बाळंतीन हाय आत. वास येत न्हाई व्हय तुला?"

येत हुता. ओव्याच्या धुरीचा. घर विकनाराची लेक पहिल्या बाळंतपनाला माहेरी आलेली. खिडकीला गोधडी टांगलेली, आत अंधार. स्लॅबच्या हुकाला पाळना बांधलेला, तो हलताना तेवढा दिसत हुता.

"नुसतं छत बघतो आन येतो, आजी."

"छत काय पळून जातंय का? ओली बाळंतीन हाय, परका मानूस आत शिरतो व्हय?"

आतनं बाळंतिनीची आई वरडली, "सगळं चांगलंय हो! आमी हितंच झोपतो."

आता मला सांगा, काय करावं? आपल्यात त्या खोलीत घरातला बाप्या सुद्धा खाकरून जातो. मी दाराच्या चौकटीवर दांडकं वाजवलं. चौकट चांगली वाजली. गच्चीवर त्या खोलीच्या डोक्यावरच पान्याची टाकी हुती, पन शिडी हालत हुती म्हनून ती बी खालनंच बघितली. बाळंतीन सासरी गेली की परत येतो, असं मनात म्हनलं. मनात म्हनलेलं माझं मनातच ऱ्हातं. सांजच्याला मोबाईलमधी बोललो, "मागची खोली ठनठनीत."

वास्तुशांतीला साहेबांनी मला टॉवेल-टोपी दिली. आजीचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीला लागून, बरोबर हुकाखाली. तवा तरी वर बघायचं ना? पन खोलीत सगळ्या बायका बसलेल्या, माझ्या हातात ताट, ताटात बुंदी. मी बुंदी बघितली.

थंडीत साहेबांचा फोन आला. साहेब लई सभ्य.

"मिस्तरी, मागच्या खोलीत हुकाभोवती काळं वर्तुळ आलंय. जरा फुगल्यासारखंही वाटतं. सवडीनं येऊन बघून जा. घाई नाही."

"आजी कुठं झोपत्यात?"

"तिथंच. ती खोली सोडतेय होय?"

शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांची मला सवय हाय. "घाई नाही" म्हनल्यावर मी चपला शोधायला लागलो. टाकी भरून वाहत असनार, पानी हुकातनं आत शिरलं असनार, स्लॅबमधलं गज गंजून फुगलं की गिलावा धरून ऱ्हात न्हाई. त्याला कधी पडायचं ते कोनाला विचारावं लागत न्हाई. आन खाली म्हातारीचं डोकं.

मी दांडकं उचललं, गाडीला किक मारली, आन मग आठवलं, आपला विमा हाय. मेव्हन्याला फोन लावला.

"कुठं आहात, दाजी?"

"निघालो बघायला."

"उतरा! गाडीवरून आधी उतरा! जायचं नाही. चूक झाली म्हणायचं नाही. करून देतो म्हणायचं नाही. त्या छताला हात लावायचा नाही. मी कंपनीला कळवतो, त्यांचा माणूस येईल."

"कधी?"

"येईल की."

"तोवर आजीला नुसतं सांगतो, तिथं झोपू नका."

"दाजी, अहो, झोपू नका म्हणालात म्हणजे छत वाईट आहे हे तुम्हीच कबूल केलं. गोड बोला, विषय काढू नका. तोंड तेवढं मिटून बसा."

मी झोपेत सुद्धा बोलतो असं बायको सांगती. आन हा म्हनतो तोंड मिटून बसा.

मग माझ्या पायाला भिंगरी लागली. जेवायला बसलो की उठायचो. उठलो की कशाला उठलो ते इसरायचो. साहेबांना पाठवलेला रिपोर्ट मोबाईलमधी लावून ऐकायचो. माझाच आवाज. "मागची खोली ठनठनीत." परत लावायचो. परत ठनठनीत. त्या मानसाला तोंडात मारावी वाटायची, पन तोंड माझंच हुतं.

गाडी काढली की ती आपोआप साहेबांच्या गल्लीला वळायची. गल्लीच्या तोंडाला किरानाचं दुकान. नुसतं उभं ऱ्हायलं तर संशय येईल म्हनून मी कायतरी घ्यायचो आन दुकानातनं मागच्या खिडकीकडं बघत उभा ऱ्हायचो. आजीचं पांढरं डोकं दिसायचं. छत दिसायचं न्हाई. डोकं हललं की मला श्वास यायचा. न्हाई हललं की दुकानदार म्हनायचा, "पाव्हणं, मीठ द्यायचं का अजून?" बायकोनं घरात मिठाचं पुडं बघितलं आन म्हनली, "समुद्र करायचाय का?"

तिला सगळं सांगितलं. ती मीठ डब्यात वतत म्हनली, "माझ्या भावाला काय त्या छताखाली झोपायचंय का? जावा की."

"गेलो तर विमा जाईल."

"आन न्हाई गेलं तर?"

मी गेलो. साहेब पेन्शनच्या कामाला भिंगारला निघालेलं मी दुकानातनं बघितलं, आजीची सून माहेरी हुती, आजी एकटी. ठरवून गेलो की छताचं नाव काढायचं न्हाई. नुसतं म्हातारीला तिथनं उठवायचं.

"ये मिस्तरी," आजी पलंगावरनंच म्हनली. "दोन दिस झालं दुकानात उभा ऱ्हातो. मला वाटलं दुकानच इकत घेतो का काय." तिनंच उठून चहा केला आन कप घेऊन परत हुकाखाली जाऊन बसली. मी समोर फरशीवर. फरशीचं काम सोडल्यापासनं पहिल्यांदा मी मान खाली धरून बसलो हुतो. मान सारखी वर जायला बघत हुती, मी हनुवटी छातीला लावून धरली.

"मान धरली का रे तुझी?"

"थंडीनं. आजी, हॉलमधी ऊन किती चांगलं येतंय. पलंग तिकडं घेऊ का?"

"ऊन खिडकीतनं हितं बी येतं."

"तिकडं टीव्ही हाय."

"टीव्ही सुनंचा हाय. ती मालिका लावती, मला रडू येतं."

मग मी आवाज बारीक केला. "आजी, खरं सांगू का? ह्या खोलीत वास्तूचा दोष हाय."

"वास्तुशांतीला भटजीच्या आधी तू पंगतीला बसला हुतास. तवा न्हाई दिसला दोष?"

मी कप तोंडाला लावनार तेवढ्यात वरनं काहीतरी सुटलं आन टपकन माझ्या चहात पडलं. हुकापासनं एखादी भेग माझ्या डोक्यापतुर आली असनार. चुन्याचं पापुद्रं चहावर तरंगत हुतं. आजीनं बघितलं. मी बघितलं.

मी तो चहा पापुद्र्यासकट पिऊन टाकला.

"साखर कमी हुती का?" आजी म्हनली.

आता ह्याच्यावर कोन टिकंल? माझी मान सुटली, सरळ वर गेली. हुकाभोवती परातीएवढं काळं, मधी पोट आल्यासारखं फुगलेलं, आन त्याच्या खाली ते पांढरं डोकं.

"आजी, ही खोली मी बघितलीच न्हवती."

आजीनं वाकून पलंगाखालनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आन झाकन उघडलं. आत गिलाव्याची पापडी, वाळू, चुन्याचं कपचं.

"रोज पडतं," ती म्हनली. "मी झाडून ह्याच्यात भरते. सून आली की झाकन लावते."

"आवो, साहेबांना सांगायचं न्हाई का!"

"काय सांगू? तुला दारात काठी कोनी आडवी लावली? पोरगा नेहमी म्हनतो, आई, तुझं हे परका-आपला बास कर आता. हयातीत एक घर झालं त्याचं, त्यातबी म्हातारीनं आडवा पाय घातला म्हनंल. म्हनलं, आपुनच ओढवलं, आपुनच झोपावं खाली."

मी उभा ऱ्हायलो. "उठा आधी तिथनं."

"तू म्हन, चूक झाली."

"म्हनता येत न्हाई, आजी. विमा हाय."

"मग मी बी उठत न्हाई."

"आवो आजी, पडंल की ते!"

"पडू दे. तुझा विमा हाय ना?"

म्हातारी मांडी घालून बसली. मी वर बघितलं, खाली बघितलं. मेव्हना डोळ्यापुढं आला, हात जोडून.

"चूक झाली," मी म्हनलं.

"माझी बी," आजी म्हनली, आन काठी टेकून उठली.

पलंग ओढत हॉलमधी नेला. गादी, उशी, डबा, सगळं नेलं. आता शहान्या मानसानं घरी जायचं. पन माझ्या हातात दांडकं आलं. म्हनलं, एकदा ठोकून बघावं, किती पोकळ हाय. एकदाच, हळूच.

पोकळ हाय न्हाई ते कळायच्या आत सगळं खाली आलं. डोकं वाचलं, खांद्यावर बसलं. मी खाली, दांडकं वर, तोंडात वाळू.

दारातनं आजी वरडली, "मेला का रे?"

"न्हाई!" मी म्हनलं. "माझा विमा न्हाई!"

साहेब परत आले तवा मी पिठात लोळवलेल्या बोंबलासारखा पांढराफेक बसलेला आन आजी पदरानं माझं तोंड पुसतीये. त्यांनी छत बघितलं, रिकामी जागा बघितली, हॉलमधला पलंग बघितला. मग भिंतीला टेकून खालीच बसले. आजीनं काठीचं सगळं सांगून टाकलं. साहेब एवढंच म्हनले, "आई, बोलायचं होतंस."

मी म्हनलं, "साहेब, दावा लावायचा तर लावा."

"कसला दावा? मी तर येऊन बघा म्हणालो होतो."

मेव्हन्याला फोन केला. तो लई तापला.

"छताला हात लावू नका म्हणालो होतो ना?"

"मी कुठं लावला? दांडकं लावलं."

"ते दावा लावणार आहेत का?"

"न्हाई म्हनतात."

"मग कंपनी कशाची भरपाई देणार? आणि म्हातारीला काही लागलं?"

"न्हाई, मला लागलं."

"तुमचा तो नाही घेतला आपण, दाजी."

हाताची झोळी गळ्यात अडकवून मी त्या खोलीचं काम करवून घेतलं. टाकीच्या पाइपाला गळती हुती, ती काढली. गज घासून रंगवलं. एक जुना जोडीदार गिलावा करायला आला, तो सारखा विचारायचा, "हे छत पास कोनी केलं हुतं रं?" मी म्हनायचो, "हुता एक येडा, विमावाला." आजी हॉलमधनं हसायची.

विमा मी सोडला न्हाई, चालूच हाय. माझ्यासारख्याला पायजेच. पन आता बघायला जाताना बायकोला संगं नेतो. जिथं मला जाता येत न्हाई, तिथं ती दांडकं घेऊन जाती. बाळंतीन असली तर तिचा शेक बघती, बाळाला घेती आन छत बी बघती. ती बाहेर आली की घरमालकाचं तोंड उतरलेलं असतं. चुका काढायचा तिला लई वर्सांचा सराव हाय, इतकी वर्सं एकाच घरावर चालला हुता एवढंच.

राहिली आजी. खोली वाळली, रंग झाला, हुक कापून टाकला. पलंग परत खिडकीला लावला. साहेब म्हनले, "जा आई, झाली तुझी खोली."

आजी दारातच थांबली. परत काठी आडवी.

"आधी त्याला झोपू दे."

"कोनाला?" मी म्हनलं.

"तुला. ह्या येळंला आत जा. बाळंतीन न्हाई आता."

साहेब हसायला लागले, बायको बी हसली. मला वाटलं चेष्टा हाय. पन काठी काय हालंना. मी चपला काढल्या, आजीच्या पलंगावर जाऊन आडवा झालो. खिडकीतनं ऊन आलेलं. गल्लीतलं दुकान दिसत हुतं, मीठवालं. वर छत पांढरंशुभ्र, कुठंबी रेघ न्हाई. तरी माझी नजर कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरायला लागली.

"डोळं मिट," आजी म्हनली.

"मिटत न्हाईत, आजी."

"मग मी बी येत न्हाई आत."

म्हातारी तशीच दारात उभी. तिचं पाय कापत हुतं, पन खुर्चीवर बसायचं नाव न्हाई. मी डोळं मिटलं. थोड्या येळानं काठी बाजूला झाल्याचा आवाज आला. आजी आत आली, पलंगाच्या कडंला बसली. म्हनली, "झोप आता जरा. मी हाय."

मी हूं केलं. डोळं मिटलेलंच ठेवलं, कान मात्र वर लावून पडलो.